पीएचडीचा फील्डवर्क डेटा ठेवायचा कुठे? ७०० जीबी आहे, एक हार्डडिस्क पडलीय, मदत हवीय

तिरफळ
नमस्कार मंडळी. इथे संशोधनातले आणि आयटीतले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी मालवणी बोलीवर पीएचडी करतेय, विषय मासेमारीचे शब्द, म्हणजे रापण, पाग अशी जाळी, होडीचे भाग, मासळी खारवणं-सुकवणं, वाऱ्यांची नावं हे सगळं. अडीच वर्षं वेंगुर्ले, मालवण, देवगड अशी फिरून लोकांशी बोलून रेकॉर्डिंग करतेय. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर वेव्ह फॉरमॅटमध्ये घेते, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट स्टिरिओ, त्याला तासाला साधारण १ जीबी लागतो आणि तसे १८० तास झालेत. व्हिडिओ ४० तासांच्या आसपास, पण तो तासाला ११ जीबी खातो. वर ईलान या सॉफ्टवेअरमध्ये ऐकून लिहून काढलेल्या मजकुराच्या (ट्रान्सक्रिप्शनच्या) फाइली, फोटो, संमतीपत्रांचे स्कॅन. सगळं मिळून ७०० जीबीच्या आतबाहेर.

आता झालं काय, मागच्या महिन्यात गाईडच्या केबिनमध्ये डिस्क टेबलावरून पडली. कंबरेएवढी उंची असेल, पण खाली फरशी आणि पडली तेव्हा चालू होती. परत लावली तर आतून टक्, टक्, टक्, मग थांबते, मग परत टक् टक्. बाकीच्याची जुनी कॉपी घरच्या लॅपटॉपवर होती पण शेवटच्या ट्रिपची ११ रेकॉर्डिंग फक्त त्या डिस्कवरच, कारण जागा हवी म्हणून रेकॉर्डरचं कार्ड मी दुसऱ्याच दिवशी पुसून लगेच वापरलं होतं. त्यात एका आजींचं दीड तासाचं बोलणं आहे. बांगडे खारवताना मीठ किती, मतलई असेल तर काय, खारा वारा असेल तर काय, असं त्या हातातलं काम न थांबवता सांगत होत्या. "वारो बघान मीठ घालूक व्हया" हे त्यांचं वाक्य मला पाठ आहे. आजी दिवाळीनंतर गेल्या.

डिस्क रिकव्हरीवाल्यांकडे दिलीय, बघू. पण पुढचं काय ते कळत नाहीये. विद्यापीठाच्या ईमेल खात्यात प्रत्येकी २० जीबी मिळतात. डिपार्टमेंटमध्ये एक नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायची डिस्कची पेटी) आहे, त्याचा पासवर्ड एकच आणि तो सगळ्यांना माहितेय. गाईड म्हणतात नवीन डिस्क घे. मैत्रीण म्हणते क्लाउडचा महिन्याचा प्लॅन घे आणि सगळं टाकून मोकळी हो. तुम्ही लोक काय करता?

पाटीपेन्सिल
अरेरे, वाचून पोटात गोळा आला. रिकव्हरी होईपर्यंत ती डिस्क कुणालाही "जरा लावून बघू" म्हणू देऊ नका, टक् टक् आवाज येतोय म्हणजे आत हेडची (डिस्क वाचणाऱ्या टोकाची) गडबड असणार आणि प्रत्येक वेळी लावली की अजून ओरखडे पडायची भीती. बाकी माझं मत साधं आहे, एकाच्या ऐवजी दोन डिस्क घ्या आणि दोन्हीवर सेम कॉपी.

सर्व्हरखोली
एका कॉलेजच्या आयटी विभागात १४ वर्षं काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पाटीपेन्सिल यांचं बरोबर आहे पण अर्धं. दोन डिस्क एकाच बॅगेत असतील आणि बॅग एसटीत राहिली तर दोन्ही गेल्या. जुना नियम आहे ३-२-१ म्हणून, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या गावात किंवा निदान दुसऱ्या इमारतीत. हा नियम एका फोटोग्राफरने, पीटर क्रोग यांनी, रूढ केला, कारण त्यांचंही तुमच्यासारखंच, परत काढता न येणारं काम.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. सिंक (सगळीकडच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं) आणि बॅकअप यात लोक फार गल्लत करतात आणि आमच्याकडे रडत येणाऱ्यांपैकी बरेच त्यातलेच. सिंक फोल्डरमधली फाइल लॅपटॉपवरून चुकून डिलीट झाली की क्लाउडवरूनही जाते, दुसऱ्या लॅपटॉपवरूनही जाते. कचरापेटीत काही दिवस राहते, पण तुम्हाला ती गेल्याचं सहा महिन्यांनी चॅप्टर लिहिताना कळलं तर? रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर लॉक झालेल्या फाइलीही इमानेइतबारे सिंक होतात. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली, जुन्या तारखांच्या आवृत्त्या असलेली प्रत, जिला रोजच्या कामात कुणी हात लावत नाही.

नॅसचंही तेच. त्यात रेड (अनेक डिस्क जोडून एकत्र वापरायची पद्धत) लावलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त असतात. रेडमुळे एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहतं, एवढंच. कुणी फोल्डर पुसला तर रेड तो सगळ्या डिस्कवरून तितक्याच प्रामाणिकपणे पुसतं. आणि सगळ्यांना एकच पासवर्ड असेल तर कुणी पुसला तेही कळणार नाही, म्हणून त्या नॅसवर प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करून मागा, ते काम तासाभराचं असतं.

२० जीबीवरून चिडू नका, त्यामागचं गणित सांगतो. पूर्वी बऱ्याच विद्यापीठांना अमर्याद जागा फुकट मिळायची. गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं की आता अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट, आणि जुन्या संस्थांना ते जुलै २०२२ पासून लागू झालं. २० हजार विद्यार्थी-शिक्षक असतील तर माणशी ५ जीबी येतात. त्यामुळे जो मागत नाही त्याला कमीच मिळतं. पण संशोधन प्रकल्पासाठी वेगळा कोटा मागता येतो, लेखी अर्जात "जागा हवी" एवढंच न लिहिता किती जीबी, किती वर्षं, कोण वापरणार, तुम्ही बाहेर पडल्यावर डेटा कुणाच्या ताब्यात जाणार असं लिहून गाईडची सही घ्या. असे अर्ज आमच्याकडे वर्षाला फार तर चार येतात, आणि त्यांना नाही म्हणावं असं कधीच वाटत नाही.

मतलई
माझं काम वेगळं आहे (हवामानाचे मॉडेल), आमचा डेटा संस्थेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरवर) असतो. आमच्याकडे समज असा की सुपरकॉम्प्युटरवर आहे म्हणजे सुरक्षित. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये काय झालं ते वाचलं तेव्हापासून झोप उडाली. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये १० दिवसांपेक्षा जुने लॉग (कामाच्या नोंदींच्या फाइली) पुसायची एक कमांड होती. स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवीन आवृत्ती टाकली गेली, चालू असलेली स्क्रिप्ट मधूनच नवी फाइल वाचायला लागली, ज्या व्हेरिएबलमध्ये लॉगच्या फोल्डरचं नाव असायला हवं ते रिकामं निघालं आणि लॉगऐवजी लोकांच्या खऱ्या फाइली पुसल्या जायला लागल्या. दोन दिवसांत ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गटांच्या. त्यातल्या ४ गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही.

म्हणजे ज्या प्रोग्रामने राखण करायची त्यानेच. तेव्हापासून मी महत्त्वाचे निकाल दर शुक्रवारी क्लस्टरच्या बाहेर काढते. आणि स्क्रॅच डिरेक्टरीत (तात्पुरत्या कामाच्या जागेत) काही ठेवत असाल तर तिथलं नियमाने पुसलं जातं हे धरूनच चाला, बऱ्याच ठिकाणी त्याचा बॅकअप मुळातच घेत नाहीत.

पाटीपेन्सिल
बाप रे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉनला सरकारी डेटा सेंटर जळालं त्यातही असंच, सरकारी कर्मचाऱ्यांच्या ड्राइव्हचा ८५८ टेराबाइट डेटा गेला, आकार फार मोठा म्हणून बाहेर कॉपीच नव्हती.

तिरफळ
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्व्हरखोली दादा, अर्जाचा मुद्दा कुणीच कधी सांगितला नव्हता, आम्हाला "लेखी द्या" म्हणाले की आम्ही समजतो टाळताहेत.

एक प्रश्न राहिला. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये लोक नावं घेतात, कुणाची होडी कर्जात आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे मधूनमधून येतंच. संमतीपत्रात "अभ्यासासाठी वापरू" एवढंच लिहिलंय. हे असं कुठल्याही क्लाउडवर टाकलेलं चालतं का?

मुक्काम_एडिंबरा
मी एडिंबरा विद्यापीठात आहे, आमच्याकडे कसं करतात ते सांगते, जसंच्या तसं तुमच्याकडे नसेल पण विचार उपयोगी पडेल. इथे संशोधन डेटाचं धोरण २०११ पासून आहे आणि मुख्य गोष्ट ही की सगळ्यासाठी एक जागा नाही, चार आहेत. रोजचं काम डेटास्टोअरवर, तिथे प्रत्येक संशोधकाला, पीएचडीवाल्यालाही, ५०० जीबी मिळतात आणि त्याचा बॅकअप विद्यापीठ घेतं. बाहेरच्या सहकाऱ्याला फाइली द्यायच्या तर डेटासिंक. काम संपलं, आता हात लावायचा नाही पण जपायचं आहे तर डेटाव्हॉल्ट. आणि जगाला खुलं करायचं तर डेटाशेअर.

मी नवीन आले तेव्हा मला हे उगाच किचकट वाटलं होतं. पण आमच्या डेटा लायब्ररीतल्या बाईंनी मला समोर बसवून तीनच प्रश्न विचारले. हा डेटा अजून बदलतोय का? हा कुणाच्या नजरेस पडला तर कुणाचं नुकसान होईल? आणि तू इथून गेल्यावर याचा मालक कोण? प्रत्येक फोल्डरला हे प्रश्न लावले तर अर्ध्या तासात माझा पसारा आपोआप वाटला गेला.

तुमचंही बघा ना, कच्चं रेकॉर्डिंग कधीच बदलत नाही, ते एकदा कुलपात टाकायचं आणि परत फक्त वाचायचं. ट्रान्सक्रिप्शन रोज बदलतं पण आकाराने काही एमबीच असेल, ते विद्यापीठाच्या २० जीबीत आरामात बसतं आणि तिथे जुन्या आवृत्त्याही राहतात. संमतीपत्रं आणि नावांऐवजी कुणाला कोणता कोड दिलाय ती यादी तिसरीकडे, लॉक करून. ७०० जीबीचा एक डोंगर दिसतोय म्हणून घाबरायला होतंय, पण त्यातलं रोज हलणारं फार थोडं आहे.

आणि हो, तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. विद्यापीठाचं खातं पीएचडी झाल्यावर बंद होतं. माझ्या एका सीनियरचा तीन वर्षांचा डेटा तसाच गेला, मेल आली होती पण तोपर्यंत तो ती मेल बघतच नव्हता.

सूक्ष्मदर्शक
मायक्रोस्कोपीवाला आहे, आमच्याकडे एका रात्रीत एक टेराबाइट (टीबी) डेटा होतो म्हणून आम्ही रोज एक प्रश्न विचारतो, हे परत तयार करता येईल का? प्रोसेस केलेली इमेज पुसली तरी चालते, स्क्रिप्ट आणि कच्ची फाइल असली की परत बनते. तुमच्या व्हिडिओच्या छोट्या केलेल्या कॉप्या, एमपी३, कापलेले तुकडे यांना महागडी जागा देऊ नका. कच्च्याला द्या.

दुसरं, कॉपी झाली म्हणजे बरोबर झाली असं समजू नका. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढायचा (एसएचए-२५६ किंवा एमडी५, फुकट टूल आहेत), तो एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचा आणि कॉपीनंतर दोन्हीकडचा ताडून बघायचा. मी एकदा केबल सैल असताना ४०० फाइली कॉपी केल्या होत्या, नावं बरोबर, साइझ बरोबर, आणि ६ फाइली आतून खराब. चेकसम नसता तर ओरिजिनल पुसून टाकल्यावर कळलं असतं.

आणि कार्ड. कार्ड पुसायचं ते दोन ठिकाणी कॉपी होऊन ताडून झाल्यावरच. फील्डवर चार कार्डं जास्त न्या, ती पुसायची वेळच येऊ देऊ नका. कार्ड किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, व्हिडिओचे तुकडे होतात, ते सगळे तुकडे आलेत का तेही मोजा.

सर्व्हरखोली
तिरफळ ताई, संमतीबद्दल. कायद्याच्या अंगाने सांगायचं तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात संशोधनाला सवलत आहे पण अटींसकट, त्यामुळे "संशोधन आहे" म्हणून सगळं माफ असं नाही. व्यवहारात असं करा, बाहेरच्या कुठल्याही क्लाउडवर टाकायच्या आधी फाइली तुमच्याच मशीनवर एन्क्रिप्ट करा. व्हेराक्रिप्ट किंवा क्रिप्टोमेटर, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. मग क्लाउडवाल्याकडे नुसता कुलूपबंद डबा जातो. फक्त पासवर्ड हरवला तर तो डबा तुम्हालाही उघडत नाही, म्हणून पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात गाईडकडे ठेवा.

अजून एक, रिकव्हरीवाल्यांना सांगा की वेव्ह फाइल अर्धवट निघाली तरी द्या, टाकून देऊ नका. वेव्हमध्ये आवाज कॉम्प्रेस केलेला नसतो, त्यामुळे वरचं हेडर (फाइलची माहिती देणारा सुरुवातीचा भाग) गेलं आणि प्लेअर उघडायला नकार देत असला तरी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा म्हणून इम्पोर्ट करता येतं. २४ बिट, स्टिरिओ, ४८००० असं हाताने भरायचं. जेवढा भाग शाबूत असेल तेवढा वाजतो.

ओसरी
मी भाषाशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. धागा सावकाश वाचला. तिरफळ, तुझं काम मोलाचं आहे आणि तू वेव्हमध्ये रेकॉर्ड करतेस हे वाचून बरं वाटलं.

आमच्या वेळी कॅसेट होत्या. १९८६-८७ मध्ये मी खानदेशात घेतलेल्या ३२ कॅसेट कपाटात नीट ठेवल्या होत्या, लेबलं लावून, सिलिका जेलच्या पुड्या घालून. २०११ मध्ये काढल्या तेव्हा टेप बऱ्यापैकी होत्या पण चांगला प्लेअर मिळेना, मिळाला त्याने दोन टेप खाल्ल्या. तेव्हा लक्षात आलं की टेपइतकंच तिला वाचणारं यंत्रही जपायला हवं होतं. म्हणून दर चार-पाच वर्षांनी नव्या माध्यमावर हलवण्याचं काम कॅलेंडरमध्ये लिहूनच ठेव. एसएसडी (चिपवाली डिस्क) कपाटात वर्षानुवर्षं न लावता ठेवू नकोस, वीज नसताना तिच्यातला चार्ज हळूहळू उतरतो, कपाटासाठी साधी फिरती डिस्क बरी. फाइलसोबत एक साध्या टेक्स्टची चिठ्ठी असू दे, कुठे, कधी, कोण, कुठला रेकॉर्डर, कुठल्या अटीवर. माझ्या ३२ पैकी ५ कॅसेटवर नुसतं "बाजार, दुपार" लिहिलंय, कुठला बाजार ते आज मलाही सांगता येत नाही.

कायम ठेवण्यासाठी संस्थेकडे जावं. शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) प्रबंध जातो, कच्च्या रेकॉर्डिंगसाठी ती जागा नाही. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेलं झेनोडो हे डेटाचं भांडार आहे, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा देतं, डीओआय (नोंदीचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, आणि फाइली खुल्या न करता नोंद तेवढी खुली ठेवता येते. तुझ्या आवाजाच्या फाइली गावागणिक नोंदी करून बसतील. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, तिथल्या मंडळींनाही जाऊन भेट, नमुन्यांचं वर्गीकरण त्यांनी कसं केलंय ते बघ.

आणि संमतीचं. कागदावर सही घेतली म्हणजे संपलं असं मी कधी मानलं नाही. ज्या घरातून आवाज घेतला त्या घरी त्याची एक प्रत जायला हवी. त्या वेळी त्यांना सरळ विचार, हे लोकांनी ऐकलेलं चालेल का, नाव घातलेलं चालेल का, कुठला भाग काढू. माणसं नीट सांगतात. आणि तीही एक प्रतच असते गं, दुसऱ्या गावातली.

तिरफळ
उशिरा लिहितेय, माफ करा, पण बातमी द्यायची होती.

डिस्क आली. ११ पैकी ८ रेकॉर्डिंग पूर्ण निघाली, दोन गेलीच. आजींची फाइल निघाली पण उघडेना, "फॉरमॅट ओळखता येत नाही". सर्व्हरखोली दादा, तुम्ही सांगितलं तसं ऑडॅसिटीत रॉ म्हणून घातलं, पहिल्यांदा नुसता खरखराट आला, मी १६ बिट ठेवलं होतं. २४ केलं आणि आधी वारा ऐकू आला, मग सुऱ्यांचा आवाज, मग आजी. ५१ मिनिटं निघालीत. पुढे नुसती शांतता आहे. मी गाईडच्या केबिनमध्येच बसले होते, सर काही न बोलता बाहेर गेले आणि चहा सांगून आले.

राहिलेल्या भागातली साडेतीन मिनिटं त्यांच्या नातीकडे मिळाली, त्या दिवशी मी तिला व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि माझ्या लक्षातही नव्हतं. आवाज दाबला गेलाय, अभ्यासाला उच्चार नीट मिळणार नाहीत, पण शब्द सगळे आहेत.

आता काय केलंय ते लिहिते. प्रकल्पासाठी १ टीबीचा लेखी अर्ज केला, १९ दिवसांनी मंजूर झाला, फोल्डरवर मालक म्हणून डिपार्टमेंट आहे आणि मी वापरणारी. कच्चं सगळं तिथे एन्क्रिप्ट करून. नॅसवर प्रत्येकाचं वेगळं लॉगिन झालंय, कच्च्या फोल्डरला फक्त वाचायची परवानगी, मलासुद्धा. एक डिस्क कुडाळला आईच्या कपाटात, ती दर ट्रिपला नेऊन अपडेट करणार. चेकसमची यादी तिन्ही ठिकाणी. रेकॉर्डरची तीन जादा कार्डं घेतली. पासवर्डचं पाकीट सरांकडे, त्यांनी ते कुलपाच्या खणात ठेवलं आणि त्यांच्या बाकी दोन विद्यार्थ्यांकडूनही पाकिटं मागवली.

ओसरी सर, पुढच्या रविवारी वेंगुर्ल्याला जातेय. आजींच्या मुलाला ५१ मिनिटं आणि ती साडेतीन मिनिटं पेनड्राइव्हवर देणार आहे, आणि संमतीचा नवीन कागद घेऊन बसणार आहे. मराठीतला नमुना कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

ओसरी
माझ्याकडचा पाठवतो. त्यात "प्रत घरी दिली" असा एक रकाना आहे, तो काढू नकोस.

मुक्काम_एडिंबरा
मलाही पाठवाल का सर? इथला इंग्रजीत आहे आणि पुढच्या वर्षी मी सांगलीला फील्डवर येतेय.